जुन्या चिनी जेडचा ऑनलाइन कॅटलॉग बघायलोय, पण एवढं साफ भोक पाडलं कसं?

मांजराकाठ_लातूर
राम राम मंडळी. चार-पाच रात्री झाल्या, वॉशिंग्टनच्या फ्रीअर म्युझियमच्या जुन्या चिनी जेडचे फोटो बघत बसायलोय, बायको म्हणती दगडं बघायला कोण एवढा डेटा जाळतंय. मला वाटलं होतं जेड म्हणजे हिरवंगार काहीतरी, इथं तर निम्म्या वस्तू तपकिरी, मळकट, काही पार चुन्यावानी पांढऱ्या. 'बी' म्हणजे मधे भोक असलेली चकती अन 'त्सोंग' म्हणजे बाहेरून चौकोनी, आतून गोल नळी, एवढं कळलं. लिआंगजू काळ, म्हणजे इ.स.पू. ३३०० ते २३००, तवा लोखंड कुठलं? मग भोक कसं पाडलं, अन ह्या वस्तूचं करायचे काय?

गोदाकाठ
दादा, रंगावर जाऊ नका. हा नेफ्राइट, म्हणजे जेडचा एक प्रकार, शुद्ध असला तर पांढराच, लोह मिसळलं की हिरवा होतो, अन हजारो वर्षं मातीत पडून वरचा थर बदलतो तो वेगळाच. तुमच्या डोक्यातला चकचकीत हिरवा म्हणजे बहुतेक जेडाइट, जेडचा दुसरा प्रकार, तो ब्रह्मदेशातला, चीनमधे जास्त करून १८ व्या शतकापासून आला. नेफ्राइटचा कडकपणा १ ते १० च्या मोह्स मापावर ६ ते ६.५, म्हणजे क्वार्ट्झपेक्षा थोडा कमीच, पण आतले तंतू घोंगडीवानी एकमेकात गुतलेले असतात म्हणून फुटता फुटत नाही.

टाकीवाला_जालना
आमचे आजोबा पाथरवट, गावोगाव जात्याला टाकी लावत फिरायचे, म्हणून सांगतो. टाकी मारली की काळा दगड ढलपी सोडतो, हा घोंगडीवाला दगड तशी सोडणार नाही, म्हणून तो कोरायचा नसतोच, घासायचा असतो. ओली वाळू टाकायची अन दोरीनं नाहीतर पातळ फळीनं पुढंमागं, पुढंमागं, दगड कापते ती वाळू, दोरी नाही. भोकाला बांबूसारखी पोकळ नळी अन तीच वाळू. नळी दोन्ही तोंडांनी चालवायची, मधे भेटताना नेम जरा चुकला की आत पायरी राहते. त्सोंगचा आतून काढलेला फोटो असला तर झूम करून बघा.

तेरवाला
'करायचे काय' ह्याचं उत्तर कुणी छातीठोकपणे दिलं तर सावध राहा भाऊ. बी आकाशाला अन त्सोंग पृथ्वीला वाहायचे हे सगळीकडं छापलेलं असतं, पण ते 'चौली' नावाच्या ग्रंथातलं, अन तो ग्रंथ लिआंगजूनंतर दोनेक हजार वर्षांनी लिहिलेला. पैठणच्या सातवाहन काळातल्या भांड्याचा उपयोग आज आपल्या आजीला विचारल्यासारखं झालं. एवढं मात्र पक्कं की मोठ्या लोकांच्या कबरीत ह्यांचा ढीग असायचा. हांगचौजवळ फानशानला १९८६ साली खोदकाम झालं, तिथला एक त्सोंग साडेसहा किलोचा आहे, त्याच्यावर माणसाचा अन जनावराचा चेहरा इतक्या बारीक रेषांनी काढलाय की भिंग लागतं. अन एक बघत चला, वस्तू खोदकामातली का दलालाकडून विकत घेतलेली. विकतची असली तर कुठल्या कबरीतली, बाजूला काय होतं, सगळी माहिती गेली.

मांजराकाठ_लातूर
टाकीवाले दादा, दिसली पायरी!! तीन त्सोंग बघितले, दोघात नीट दिसायली, तिसऱ्याचा आतला फोटोच नाही. तेरवाले, विकतचंच जास्त दिसायलंय.

गोदाकाठ
मग हैदराबादला जाल तेव्हा सालारजंग म्युझियममधे जहांगीरचा जेडचा खंजीर अन नूरजहांची सुरी बघून घ्या, मुघलांकडं ह्याला यशम म्हणायचे. चिनी नाही ते, पण काचेला नाक लावून बघता येतंय.

टाकीवाला_जालना
काचेला नाक लावलं की गार्ड ओरडतो, अनुभव आहे 😄