लाओसहून व्हिएतनामला रस्त्याने जायचंय, ई-व्हिसावर सीमानाका कोणता टाकू?

नमस्कार मंडळी. मी आणि धाकटी बहीण, दोघीही फोंड्याच्या. नोव्हेंबरात मोपाहून निघून दोन महिने पाठीवर बॅग टाकून थायलंड, लाओस, व्हिएतनाम असं फिरणार आहोत. पासपोर्ट भारतीय.

थायलंडमधल्या च्यांग खाँगहून पूल ओलांडून हुआय साय, तिथून मेकाँगमधून दोन दिवसांच्या संथ बोटीने लुआंग प्रबांग, इथवर ठरलंय. लाओसचा व्हिसा सीमेवरच घेणार, त्यासाठी डॉलर आणि फोटो जवळ ठेवलेत.

अडलंय ते पुढे. व्हिएतनामच्या ई-व्हिसाच्या अर्जात प्रवेशाचा नाका आधीच निवडावा लागतो. लुआंग प्रबांगहून दिएन बिएन फूकडे जायचं तर ताय त्रांग, व्हिएन्तियानहून हनोईची बस धरली तर काउ त्रेओ. दोन्ही नाके यादीत आहेत. पहिला रस्ता मनात भरलाय, पण तिकडची बस रोज सुटते की नाही याची उत्तरं दोन वसतिगृहांनी दोन दिली. विमान नको, खर्च झेपणार नाही.

ताय त्रांग लिहून ऐनवेळी काउ त्रेओला पोहोचलो तर आत सोडतात, की नवा व्हिसा काढावा लागतो? भारतीय पासपोर्टवर हे कुणी स्वतः केलंय का?