‘कलर एचिंग’ला मराठीत काय म्हणावे?

शंका : काळा घोड्याजवळच्या एका कलादालनासाठी कॅटलान चित्रकार जुआन मिरो यांच्या उत्तरकालीन रंगीत छापांखाली लावायच्या माहितीच्या पट्ट्या मी मराठीत लिहीत आहे. (नाव कॅटलान असल्यामुळे ‘होआन’ हा स्पॅनिश उच्चार टाळला आहे.) ‘कलर एचिंग’साठी मी ‘रंगीत कोरीवकाम’ लिहिले, तर संपादकांनी त्यावर काट मारून ‘अम्लरेखन’ सुचवले. कोणता शब्द योग्य?

उत्तर : ‘कोरीवकाम’ नक्कीच नको. भुलेश्वरला तांबाकाट्यात नव्या पातेल्यावर नाव घालून घेताना कारागीर छिन्नी ठोकत अक्षरे उमटवतो, ते कोरणे. एचिंगमध्ये सुई पत्र्यावरचा मेणकट लेप तेवढा खरवडते आणि उघडा पडलेला धातू आम्ल खाते. गंजाने पत्रा खाल्ला असे आपण म्हणतो, त्याच अर्थाने. म्हणून साध्या रेषांच्या एचिंगला ‘अम्लरेखन’ शोभते.

मिरोंच्या बाबतीत मात्र तेही अपुरे पडते. चित्रकार हेन्री गोट्झ यांनी पुढे आणलेले कार्बोरंडमचे तंत्र मिरोंनी १९६७च्या सुमारास, म्हणजे पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर, आपलेसे केले. कार्बोरंडम म्हणजे धार लावण्याच्या चाकात असते तीच खर. ती चिकट द्रव्यात कालवून कुंचल्याने पत्र्यावर थापायची. लेप वाळून टणक झाला की कणांच्या फटींत शाई भरपूर साठते आणि दाबयंत्रातून निघालेल्या कागदावर मखमली, दाट रंग उतरतो. यात आम्लही नाही आणि रेखनही नाही. ॲक्वाटिंटमध्ये, म्हणजे रेषांऐवजी सलग छटा देणाऱ्या एचिंगमध्ये, राळेचे कण धातूला आम्लापासून वाचवतात, इथे खरीचे कण स्वतःच शाई धरून ठेवतात, त्यामुळे एकात पत्रा खोल जातो आणि दुसऱ्यात उंच होतो. छाप खिडकीशी तिरपा धरून पाहिल्यास जाड काळ्या फटकाऱ्याच्या जागी कागद दबलेला दिसतो आणि कुंचल्याच्या केसांचे ओरखडेसुद्धा मोजता येतात. मिरोंनी एकाच चित्रात एचिंग, ॲक्वाटिंट आणि कार्बोरंडम अनेकदा एकत्र वापरले असल्यामुळे एकाच प्रक्रियेचे नाव सगळ्या चित्राला देणे मला पटत नाही. ‘मुद्राचित्र’ हे जातिवाचक नाव ठेवून पुढे तंत्रांची नावे आहेत तशी द्यावीत.

दुसऱ्या वाचकाची पुरवणी : ‘रंगीत’ या शब्दाचाही विचार व्हावा. वाचकाला ते काळ्या छापावर हाताने रंग भरल्यासारखे वाटू शकते, पण येथे रंग पत्र्यावरूनच येतो. बहुधा प्रत्येक रंगाला वेगळा पत्रा लागतो. एकाच पत्र्यावरून अनेक रंग एकदम छापण्याची पद्धत पॅरिसच्या ‘अतेलिए १७’ या छापचित्रांच्या कार्यशाळेत विल्यम हेटर, कृष्णा रेड्डी आणि मुंबईत जन्मलेले कायको मोती यांनी घडवली. पातळ तेलकट शाई नंतर फिरवलेल्या घट्ट शाईला धरू देत नाही, या गुणावर ती उभी आहे. शाईच्या या घट्ट-पातळपणाला, म्हणजे इंग्रजी ‘व्हिस्कॉसिटी’ला, कोशात ‘श्यानता’ किंवा ‘विष्यंदिता’ मिळेल. अशा छापाच्या पट्टीवर ‘घट्ट-पातळ शाईचे रंगमुद्रण’ लिहिले, तर दालनात आलेल्या कोणालाही कळेल.

उत्तर : मान्य. मग मिरोंची पट्टी अशी करावी : ‘मुद्राचित्र, अनेक रंगांत, एचिंग, ॲक्वाटिंट व कार्बोरंडम’. कोपऱ्यात पेन्सिलीने १२/७५ असे असेल, तर ‘७५ छापांपैकी १२वा’ लिहावे. ‘प्रत’ म्हटले की झेरॉक्स आठवते, आणि हा प्रत्येक छाप तर मूळच असतो.