आईच्या गुडघ्यांसाठी सीबीजी तेल, कोणी वापरलंय का?

कोरेगावची_लेक
आई (७१) साताऱ्याहून जूनमध्ये माझ्याकडे कॅनडात हॅमिल्टनला आलीय. गुडघ्यांमुळे जिना नको म्हणते. शेजारच्या काकूंनी गांजाच्या परवान्याच्या दुकानातून आणलेली तेलाची बाटली दिली. लेबलवर एका मिलीत सीबीजी ३० मिग्रॅ, सीबीडी ३० मिग्रॅ, आणि नशा आणणारं टीएचसी १ मिग्रॅपेक्षा कमी. आईनं बूच काढून वास घेतला, "अगं, ही तर महाशिवरात्रीची भांग!" तरी नऊ दिवस रात्री अर्धा मिली जिभेखाली घेतेय. झोप छान लागते म्हणते, गुडघे आहेत तस्सेच. गांजाच्या झाडातलं सीबीडी ऐकून होते, हे सीबीजी काय प्रकरण? आणि हो, तिचा हृदयाचा व्हॉल्व्ह बदललाय, रक्त पातळ ठेवणारं वॉरफेरिन चालू आहे.

खलबत्ता
ताई, शेवटचं वाक्य सगळ्यात आधी लिहायचं! मी फार्मसीत काम करतो. सीबीडी यकृतातली वॉरफेरिन मोडणारी यंत्रणा मंदावतं, त्यामुळे आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचं माप) चढल्याची, म्हणजे रक्त जास्त पातळ झाल्याची उदाहरणं आहेत. आणि या बाटलीत सीबीडीही तेवढंच आहे. तेल आज बंद, उद्या आयएनआर. वॉरफेरिन मात्र स्वतःच्या मनानं कमी-जास्त करू नका.

रानहळद
सीबीजी म्हणजे कॅनाबिजेरॉल. १९६४ मध्ये इस्रायलच्या मेशूलम आणि गाओनी यांनी वेगळं केलं. त्याच्या आम्लरूपातूनच झाडात टीएचसी आणि सीबीडी तयार होतात, म्हणून पक्व झाडात ते सहसा एक टक्क्याहून कमी उरतं. मजा म्हणजे तुमच्याच गावच्या मॅकमास्टर विद्यापीठात २०२० मध्ये एमआरएसए या हट्टी जंतूची लागण झालेल्या उंदरांवर त्याचा उपयोग दिसला. २०२४ मध्ये अमेरिकेत ३४ निरोगी माणसांना २० मिग्रॅ दिलं, तेव्हा चिंता आणि ताण थोडा उतरला. गुडघ्यांचा यात कुठे संबंध नाही. दुकानदार जोडतात, ते सोडा.

बेळगावी_कुंदा
भारतात परतताना आईच्या बॅगेत ती बाटली जाऊ देऊ नका. कॅनडातून बाहेर नेणं गुन्हा, आणि आपल्याकडे अमली पदार्थांविरुद्धचा एनडीपीएस कायदा आहे. विमानतळावर "गुडघ्यांचं तेल आहे हो" कोण ऐकतंय?

कोरेगावची_लेक
खलबत्ता, हात जोडते. आयएनआर ४.१ आला, येण्याआधी २.८ होता. डॉक्टरांनी डोस बदललाय, गुरुवारी परत रक्त द्यायचंय. त्यांनी खाण्यापिण्याचंही विचारलं. इथे आल्यापासून आईची मेथी-पालक जवळजवळ बंदच झालीय. पालेभाज्या वॉरफेरिनचा जोर कमी करतात, त्यामुळे तेही कारण असेल म्हणाले. सगळा दोष तेलावर टाकत नाही. पण बाटली काकूंना परत केली. आई पिशवीतून महानारायण तेल काढून बसलीय, आणि सगळ्या घराला त्याचा वास.