आईच्या हाताला मुंग्या: नस मानेत दबली आहे की मनगटात?

नमस्कार मंडळी. आम्ही निपाणीचे. आई पन्नाशीची, लग्न होऊन आल्यापासून विड्या वळते. मांडीवर सूप, मान खाली, कात्रीने पान कापायचं, जर्दा भरायचा, दोरा बांधायचा, असं दिवसभर. काही महिन्यांपासून तिच्या उजव्या हाताला मुंग्या येतात. रात्री जास्त. झोपेतून उठून हात झटकते तेव्हा जरा बरं वाटतं. अंगठा आणि त्याच्या जवळची दोन बोटं बधिर असतात, करंगळीला काही नाही. मानही दुखते, पण ती फार आधीपासून.

डॉक्टरांनी मानेचा एक्स-रे काढला. मणक्यात गॅप आहे, नस दबली आहे म्हणाले, पट्टा दिला. पट्ट्याने फरक नाही. आता एमआरआय सांगितलाय. खर्च करायची तयारी आहे, पण तपासणी योग्य जागेचीच व्हायला हवी ना? शेजारच्या मावशी मान मोडून देणाऱ्याकडे न्या म्हणून मागे लागल्यात. माझं मन धजत नाही. नस नेमकी कुठे दबली हे कसं ओळखतात? काम बंद करणं आम्हाला परवडणारं नाही.

प्रतिसाद

ताई, मी बेळगावात फिजिओथेरपी करतो. मान मोडायला अजिबात नेऊ नका.

एक्स-रेत हाडं दिसतात, नस दिसत नाही. मणक्यातली झीज पन्नाशीनंतर काही दुखत नसलेल्या माणसांतही दिसते, त्यामुळे तेवढ्यावरून ठरवता येत नाही. मानेत चकती सरकली किंवा हाड वाढलं की नस मुळाशी दबते. मग कळ मानेतून खांद्यावरून हातात उतरते आणि मान वळवली की वाढते. मानेतल्या सहाव्या नसेचा त्रासही अंगठ्यातच येतो, म्हणून घोटाळा होतो. पण रात्री मुंग्या, हात झटकल्यावर आराम आणि करंगळी मोकळी, हे वर्णन मनगटाकडे बोट दाखवतं. मनगटात एक अरुंद बोगदा असतो. बोटं वाकवणाऱ्या नऊ दोऱ्या आणि एक नस त्यातून जातात. सतत बोटं चालवून आत सूज आली की नस चेपते. दोन्ही ठिकाणी दबलेलीही असू शकते.

आधी एनसीव्ही तपासणी करून घ्या, त्यात नसेतून संदेश किती वेगाने जातो ते मोजतात. साखर आणि थायरॉईडही तपासा, दोन्हींमुळे हा त्रास होतो. रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा लावा. सूप मांडीऐवजी उंच चौरंगावर ठेवलं तर मान कमी वाकेल, आणि मध्ये मध्ये उठू द्या. तासन्‌तास मांडी घातल्याने गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूची नसही दबते, मग पाऊल वर उचलत नाही.

दोन्ही तळहात शेजारी ठेवून अंगठ्याखालचा उंचवटा बघा. उजवा बसका दिसला तर उशीर करू नका. चालताना तोल जाणं, पाय कडक होणं, लघवीवरचा ताबा सुटणं, यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

धागाकर्ती

दादा, खूप आभार. आत्ताच बघितलं, उजवा उंचवटा थोडा बसलाय. चालणं ठीक आहे. एनसीव्हीसाठी मेंदूविकारतज्ज्ञांकडे जायचं की हाडांच्या डॉक्टरांकडे? बेळगावला न्यायची तयारी आहे.