मदत हवी आहे : रक्तक्षय असताना एचबीएवनसीवर कितपत विसंबावे?

नमस्कार,

माझी आई 54 वर्षांची असून गोंदियाजवळच्या गावी राहते. थकवा आणि जिना चढताना लागणारी धाप यांसाठी गेल्या महिन्यात तिचे रक्त तपासले, तेव्हा हिमोग्लोबिन 8.6 भरले आणि फेरिटिनही (शरीरातील लोहाचा साठा दाखवणारे) बरेच कमी निघाले. त्याच दिवशी उपाशीपोटी साखर 118, जेवणानंतर दोन तासांची 172, तर एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारी चाचणी) 6.8 टक्के आले. डॉक्टरांनी मधुमेहाचे निदान करून मेटफॉर्मिन 500 दिवसातून दोनदा आणि जोडीला लोहाच्या गोळ्या सुरू केल्या. तीन महिन्यांनी एचबीएवनसी पुन्हा करायचे आहे. जास्त तहान, वारंवार लघवी अशी लक्षणे तिला नाहीत.

एचबीएवनसी 6.5 च्या वर असल्याने निदान झाले हे समजते. परंतु साखरेचे दोन्ही आकडे मधुमेहपूर्व अवस्थेचे वाटतात, कारण उपाशीपोटी 126 आणि 75 ग्रॅम ग्लुकोज प्यायल्यावर दोन तासांनी 200 या निदानाच्या मर्यादा आहेत. माझ्या वाचनाप्रमाणे लोहाच्या कमतरतेत नव्या तांबड्या पेशी कमी तयार होतात, रक्तात जुन्या पेशींचा वाटा वाढतो आणि साखर तेवढीच असूनही एचबीएवनसी फुगलेले दिसते. लोह मिळू लागले, की नव्या पेशींची भर पडून तेच आकडे उतरतात. मग तीन महिन्यांनी समजा 6.1 आले, तर तो गुण मेटफॉर्मिनचा मानायचा की लोहाच्या गोळ्यांचा? त्यात माझे मामा सिकलसेलचे (हिमोग्लोबिनचा आनुवंशिक दोष, ज्यामुळेही एचबीएवनसीचा आकडा चुकू शकतो) वाहक आहेत (आमच्या भागात हे नवलाचे नाही) आणि आईची ती तपासणी कधीच झालेली नाही.

अशा वेळी ग्लुकोज पिऊन करायची चाचणी आता मेटफॉर्मिन चालू असताना करण्यात अर्थ आहे का? की घरी ग्लुकोमीटरवर साखरेची नोंद ठेवणे आणि फ्रुक्टोसामीन (गेल्या दोन-तीन आठवड्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) करून घेणे अधिक उपयोगाचे ठरेल? सिकलसेलसाठी हिमोग्लोबिनची एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी) तपासणी आधी करावी का?

निदान कायम राहिले तर डोळ्यांचा पडदा, लघवीतील अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर, रक्तातील क्रिएटिनिन, कोलेस्टेरॉल आणि पायांची संवेदना या तपासण्या सुरुवातीलाच करायच्या असतात, कारण टाइप 2 मधुमेह नकळत काही वर्षे अंगात असू शकतो. त्या सर्व नागपूरच्या एकाच फेरीत उरकता येतील का? बाहुली मोठी करणारे थेंब घातल्यावर काही तास अंधुक दिसते, म्हणून डोळे शेवटी ठेवून रात्री मुक्काम करावा असा विचार आहे.

कोणतीही गोळी आम्ही परस्पर बंद करणार नाही. डॉक्टरांची पुढची भेट पंधरा दिवसांनी आहे. तेव्हा त्यांच्यासमोर कोणते प्रश्न मांडावेत आणि सोबत कोणत्या नोंदी न्याव्यात, हे जाणकारांनी किंवा घरात असा अनुभव आलेल्यांनी कृपया सांगावे.