भरून झालेले तुकडे ट्रंकेत पडून आहेत, पुढचं काम कसं उरकायचं?

रंकाळाकाठची:
नमस्कार मंडळी. या पावसात कपड्यांना कुबट वास यायला लागला म्हणून काल ट्रंक उपसली, तर तळाशी माझे क्रॉस स्टिचचे (फुलीच्या टाक्याचं भरतकाम) नऊ छोटे तुकडे निघाले. सगळे १४ काउंटच्या आयडावर (चौकोनी घरांचं भरतकामाचं कापड, इंचाला १४ घरं), मोर, तुळशीवृंदावन, एक कोल्हापुरी चप्पल (ग्राफ पेपरवर मीच काढलेली, अंगठा जरा वाकडा आलाय). टाके घालायचा मला कधी कंटाळा येत नाही पण शेवटचा टाका झाला की तुकडा सरळ ट्रंकेत. फ्रेमवाल्याकडं एकदा एक दिला होता, त्यानं मागं डिंक फासून पुठ्ठ्यावर चिकटवला आणि पुढच्या पावसाळ्यात काचेच्या आत पिवळे डाग. परत हिंमत नाही झाली. त्यात मोराच्या कडेला कापड राहिलंय जेमतेम अर्धा इंच, आता ह्याचं काय करू? आणि क्रोशाचे दोन गोल रुमाल आहेत, गौरीपुढं घालायचे म्हणून केले, पण कडा अशा लाटा मारतायत की वाटी ठेवली तर कलंडते.

सुईदोरा:
पहिलं धुवून काढा, हाताचं तेल कापडात बसलेलं असतं ते आज दिसत नाही, दोन वर्षांनी पिवळं होऊन दिसतं. गार पाणी, अगदी थोडं सौम्य लिक्विड, चोळायचं नाही आणि पिळायचं तर अजिबात नाही, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचं. लाल रंग सुटला तर घाबरून वाळत घालू नका, एकदा वाळला किंवा इस्त्री फिरली की डाग पक्का झाला म्हणून समजा. पाणी स्वच्छ येईपर्यंत गार पाण्यातच खळबळत राहायचं. इस्त्री उलट्या बाजूनं, खाली जाड टॉवेल, नाहीतर टाके चपटे होतात.
फ्रेम करायचीच असेल तर डिंक नकोच. ॲसिड फ्री बोर्ड आणा (साध्या पुठ्ठ्यातल्या ॲसिडनंही कापड पिवळं पडतं) आणि मागच्या बाजूनं दोऱ्यानं आडवं-उभं ताणून घ्या, बाज विणतात तसं. तासभर जातो, पण उद्या उसवून परत धुता येतं.

मंगळवारपेठ:
ताई फ्रेमचा नाद सोडा की ओ! मी तर भरतकामाच्या रिंगेतच ठेवतो (कोल्हापूरची हाय, 'ठेवते' तोंडात येत नाही). ७० घरांचं गोल डिझाइन १४ काउंटवर बरोबर ५ इंच भरतंय, मग ६ इंची लाकडी रिंग घ्यायची, कापड ताणून बसवायचं, बाहेर दीड इंच सोडून गोल कापायचं, कडेनं धावदोरा घालून बटव्यासारखं ओढून गाठ मारायची. मागं फेल्टचा (नमद्यासारखं जाड कापड) गोल शिवला की संपलं, भिंतीला खिळा ठोका.
आणि मोराला अर्धाच इंच हाय म्हणताय तर चारी बाजूनं खणाच्या कापडाच्या पट्ट्या जोडा, घरात ब्लाउजचे तुकडे असतीलच. फक्त खण आधी वेगळा भिजवून बघा, रंग सुटतोय लई. माझी मैत्रीण असेच बारके तुकडे पाऊचवर लावून संक्रांतीला वाण म्हणून लुटती, बायका विचारत बसतात कुठनं आणलं.

लोकरवाली:
रुमालाचं मी सांगते. लाटा येतात कारण फेरीत खांब (क्रोशाचे उभे टाके) जास्त झालेत, कमी झाले असते तर वाटीसारखा वर उचलला असता. उंच खांबाच्या गोलाला साधारण १२ नं सुरुवात आणि दर फेरीला १२ वाढवायचे, बुटक्या टाक्याचं गणित ६ चं. नमुना नेटवरनं घेतला असेल तर तेही बघा, अमेरिकन 'डबल क्रोशे' म्हणजे ब्रिटिश 'ट्रेबल', इथंच निम्म्या जणी फसतात.
थोड्या लाटा असतील तर उसवू नका. सुती दोरा असेल तर पातळ साबुदाण्याची खळ करून त्यात बुडवा, थर्माकोलवर न गंजणाऱ्या टाचण्यांनी ताणून लावा, पूर्ण वाळेपर्यंत हात नाही लावायचा. ॲक्रिलिक लोकर असेल तर इस्त्री टेकवू नका, वितळून लुळी पडते ती कायमची.

सुईदोरा:
खळीला माझा विरोध नाही पण सण झाला की धुवून मगच आत ठेवा. खळीच्या कापडाला कसर लागते, आमच्या सासूबाईंचं आख्खं तोरण चाळणी झालं.

रंकाळाकाठची:
आज सहा धुतले. चपलेचा लाल गोंडा सुटला, तीन बादल्या पाणी बदललं तेव्हा कुठं थांबला. खांब मोजले तर बाहेरच्या फेरीत वीस जास्त निघाले, तेव्हा एक रुमाल उसवतेय, दुसरा तसाच खळीत घालते. आणि मंगळवारपेठ, खण भिजवला, पाणी जांभळं झालंय. अजून किती वेळा भिजवू?

मंगळवारपेठ:
पाणी पांढरं होईस्तोवर. मीठ-बीठ घालत बसू नका, नुसतं पाणी बदला.