पदवी हातात असताना ती पुन्हा सिद्ध का करायची?

सात रस्ता, सोलापूर (चर्चेचा प्रस्ताव; लिहिणाऱ्यांनी नावाऐवजी आपला भाग वा ओळख दिली आहे)

माझ्या पुतणीचे शिक्षण बारावीपर्यंत सोलापुरात झाले. दुसऱ्या जिल्ह्यातील एका महाविद्यालयातून तिने एमबीबीएस केले, वर्षभराची इंटर्नशिप पूर्ण केली आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी घेतली. ब्रिटनमध्ये काम करण्यासाठी लागणाऱ्या प्लॅब परीक्षेचे दोन्ही भाग ती उत्तीर्ण झाली. दुसरा भाग केवळ मँचेस्टरमध्येच होतो, त्यामुळे व्हिसा, विमान आणि राहणे हा खर्चही करून झाला. इंग्रजीच्या आयईएल्ट्स परीक्षेत एकूण साडेसात, आणि एकाही विभागात सातच्या खाली नाही, ही अटही तिने पूर्ण केली. एका रुग्णालयाने नोकरी देऊ केली आहे. पण गेले चार महिने ती घरी बसून आहे, कारण तिची पदवी खरी आहे की नाही या प्रश्नाला तिच्या महाविद्यालयाने अद्याप उत्तर दिलेले नाही.

ज्यांना ही पद्धत ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. डॉक्टरांची नोंदणी करणाऱ्या ब्रिटनच्या परिषदेने, म्हणजे जनरल मेडिकल कौन्सिलने, जून २०१८ पासून असा नियम केला आहे, की परदेशी पदवीची पडताळणी ती देणाऱ्या संस्थेकडूनच थेट व्हावी. हे काम अमेरिकेतील ईसीएफएमजी ही संस्था 'एपिक' नावाच्या व्यवस्थेतून करते. उमेदवाराने पदवीची प्रत अपलोड करायची, ती प्रत त्यांनी महाविद्यालयाकडे वा विद्यापीठाकडे पाठवायची आणि तिथल्या अधिकाऱ्याने परस्पर उत्तर द्यायचे. उमेदवाराने स्वतः नेलेले पत्र, मग ते लाखबंद पाकिटात का असेना, चालत नाही.

माझा आक्षेप असा, की महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलने तिची कागदपत्रे पाहूनच नोंदणी दिली असताना या कौन्सिलचा शब्द पुरेसा का मानू नये? शिवाय उत्तर न देण्याचा दोष महाविद्यालयाचा, आणि दंड मात्र मुलीला. डॉक्टरवर कोणतीही कारवाई झालेली नाही असे सांगणारे गुड स्टँडिंग प्रमाणपत्र तीनच महिने ग्राह्य असते. तिचे पहिले प्रमाणपत्र ही वाट पाहण्यातच बाद झाले आणि दुसरे आता त्याच वाटेवर आहे. ज्या सोलापुरातून डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये चीनला गेले, त्या गावच्या मुलीकडे पाहण्याची ही दृष्टी मला अपमानास्पद वाटते.

परदेशस्थ भूलतज्ज्ञ

काका, पुतणीच्या मनःस्थितीची मला कल्पना आहे, कारण मी त्याच वाटेने इथे ब्रिटनमध्ये आलो. तरीही आपले म्हणणे मला पटत नाही. कोटणीसांचे उदाहरण तर इथे मुळीच लागू पडत नाही. ते काँग्रेसने युद्धग्रस्त चीनला पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून, डॉ. अटल यांच्या नेतृत्वाखाली, गेले होते. त्यांच्यामागे त्यांना पाठवणारी आणि ओळखणारी संस्था उभी होती. आज हजारो अनोळखी अर्जदार एका परिषदेच्या दारात उभे असतात, तेव्हा तिने विश्वास कशावर ठेवायचा?

हा नियम कशातून आला तेही पाहावे. झोलिया अलेमी नावाच्या बाईने १९९५ मध्ये न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठाच्या पदवीवर ब्रिटनमध्ये नोंदणी मिळवली. काही राष्ट्रकुल देशांच्या पदवीधरांना तेव्हा परीक्षेशिवाय नोंदणी मिळत असे; ती सवलत २००३ मध्ये बंद झाली. या बाईने वैद्यकीय शिक्षण पूर्णच केले नव्हते, आणि तरीही तिने वीस वर्षांहून अधिक काळ मानसोपचारतज्ज्ञ म्हणून काम केले. २०१८ मध्ये एका वृद्ध रुग्ण महिलेचे मृत्युपत्र बनावट केल्याबद्दल ती दोषी ठरली, तेव्हा एका पत्रकाराने मागे जाऊन शोध घेतला आणि मूळ पदवीच खोटी निघाली. त्या मार्गाने नोंदलेल्या सुमारे तीन हजार डॉक्टरांची कागदपत्रे परिषदेला पुन्हा तपासावी लागली आणि २०२३ मध्ये मँचेस्टरच्या न्यायालयाने तिला सात वर्षांची शिक्षा दिली. यातली एक गोष्ट आपल्या आक्षेपाला नेमके उत्तर देते. तिने सादर केलेली पदवी तर बनावट होतीच, पण त्यासोबतचे विद्यापीठाचे पडताळणीपत्रही बनावटच होते. उमेदवाराच्या हातून आलेले पत्र का चालत नाही, याचे कारण एवढेच आहे.

राहिला आपल्या परिषदांच्या शब्दाचा प्रश्न. परदेशात शिकलेल्या ७३ पदवीधरांना सक्तीची चाचणी उत्तीर्ण नसताना निरनिराळ्या राज्यांच्या परिषदांनी नोंदणी दिल्याच्या आरोपावरून सीबीआयने डिसेंबर २०२२ मध्ये देशभर छापे घातले होते. हे वाचलेल्या परक्या परिषदेने आपल्या नोंदणीवर डोळे मिटून विसंबावे, असे मी तरी म्हणू शकत नाही.

निवृत्त, विद्यार्थी विभाग

मी एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या कार्यालयात बरीच वर्षे ही पत्रे हाताळली आहेत, म्हणून टेबलाच्या या बाजूने लिहितो. बाहेरच्यांना वाटते, की कारकुनाने रजिस्टर उघडले, नाव सापडले आणि 'होय' लिहिले की काम संपले. रजिस्टर सापडते हो, त्यात फारसे अडत नाही. अडते ते स्वाक्षरीपाशी. पडताळणी करणाऱ्या संस्थेकडे आपल्या अधिकृत अधिकाऱ्यांच्या स्वाक्षऱ्यांचे नमुने दिलेले असतात. शासकीय महाविद्यालयात अधिष्ठाता बदलून जातात, नवे येतात, आणि नव्यांचा नमुना पाठवायचा राहून जातो. मग उत्तर वेळेत गेले तरी स्वाक्षरी जुळत नाही म्हणून ते परत येते. इकडे मुलगी समजते की कार्यालय झोपले आहे, आणि कार्यालय समजते की आपण उत्तर कधीच पाठवले.

आणखी एक घोळ आपल्या गावच्या जुन्या डॉक्टरांचा. नाशिकचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ मध्ये स्थापन झाले. त्याआधी सोलापूरचे वैद्यकीय महाविद्यालय कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाशी संलग्न होते. जुना डॉक्टर प्रश्न नाशिकला पाठवतो, कारण आज महाविद्यालय नाशिकच्या विद्यापीठाकडे आहे. पण त्याची पदवी कोल्हापूरची असते. त्यात इंग्रजीत गावाचे नाव जुन्या कागदांवर 'शोलापूर' आणि नव्यांवर 'सोलापूर'. आपल्याला हसू येते. परदेशात बसून दोन प्रती शेजारी ठेवणाऱ्या माणसाला ती दोन गावे वाटू शकतात.

आणि कृपा करून पदवीला लॅमिनेशन करू नका. आखाती देशांसाठी शिक्के घ्यायची वेळ आली की शिक्का प्लॅस्टिकवर उठत नाही, आणि ते सोलायला जावे तर अक्षरेही सोलून निघतात. एका डॉक्टरांनी असा अर्धवट सोललेला कागद माझ्या टेबलावर ठेवला होता; अधिष्ठात्यांची सही प्लॅस्टिकला चिकटून वर आली होती.

जुळे सोलापूर

भूलतज्ज्ञ साहेब, अलेमी प्रकरण मान्य. पण आपण फक्त खोट्यांना पकडण्याचा हिशेब मांडलात, खऱ्यांना किती सोसावे लागते याचा नाही. मी दुबईत नोंदणीसाठी अर्ज केला तेव्हा तिथल्या पद्धतीप्रमाणे डेटाफ्लो या पडताळणी कंपनीमार्फत माझ्या पदवीची, नोंदणीची आणि अनुभवाची पडताळणी झाली. पदवीवर माझे माहेरचे नाव आहे: आधी आडनाव, मग माझे नाव, मग वडिलांचे. पासपोर्ट लग्नानंतरचा, त्यात आडनावाचा रकाना वेगळा आणि माझ्या नावापुढे वडिलांऐवजी पतीचे नाव. आपल्याकडे हे कोणालाही समजावे लागत नाही. तिकडच्या यंत्रणेला मात्र ही दोन माणसे आहेत. विवाह प्रमाणपत्र, राजपत्रातील नावबदलाची नोंद आणि नोटरीचे प्रतिज्ञापत्र हे सगळे जोडूनही पहिला अर्ज 'तफावत' या शेऱ्यासह परत आला. ज्या महाविद्यालयात मी पाच वर्षे हजेरी लावली, तिथल्या सहीने मी मीच आहे हे ठरले नाही. ते ठरले राजपत्राच्या एका ओळीने. माझ्यासोबतच्या एकाही पुरुष सहकाऱ्याला ही ओळ शोधावी लागली नाही. पडताळणी सर्वांना सारखी आहे असे म्हणणाऱ्यांनी याचा विचार करावा.

अशोक चौक

मी फिलिपाइन्समध्ये शिकून परत आलो आहे, म्हणून या चर्चेतला सूर मला थोडा गमतीचा वाटतो. परदेशी परिषदेने आपल्या पदवीवर शंका घेतली की आपल्याला अपमान वाटतो. पण माझ्या पदवीवर माझ्याच देशाने घेतलेली शंका सर्वांना रास्त वाटते. २००२ पासून आम्हाला चाचणी परीक्षा द्यावी लागते. ३०० प्रश्न, उत्तीर्ण होण्यासाठी १५० गुण, वर्षातून दोन वेळा. २०२१ च्या नियमांनी त्यानंतर शिकायला जाणाऱ्यांसाठी त्यात आणखी अटी घातल्या: अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा हवा, माध्यम इंग्रजी हवे, तिथे बारा महिने इंटर्नशिप करून इथे पुन्हा बारा महिने करायची. माझी तक्रार नाही, मला जे लागू होते ते सर्व मी केले. फक्त आपण दुसऱ्यांना जे विचारतो ते कोणी आपल्याला विचारले की पदर झटकू नये.

सात रस्ता

सर्वांचे प्रतिसाद वाचले. अलेमीच्या बनावट पडताळणीपत्राची गोष्ट मला माहीत नव्हती. पत्र उमेदवाराच्या हाती देऊ नये, हे मी मान्य करतो. कोटणीसांचा दाखलाही भावनेच्या भरात दिला होता.

अशोक चौक यांचा टोमणा मात्र अर्धाच बरोबर आहे. हा आपला नुसता मानापमान नाही, त्याला इतिहास आहे. १९३० मध्ये ब्रिटनच्या याच परिषदेने भारतातील वैद्यकीय पदव्यांची मान्यता काढून घेतली, आणि त्यानंतरच १९३३ चा कायदा होऊन आपली स्वतःची मेडिकल कौन्सिल उभी राहिली. म्हणजे पदवीची ग्वाही द्यायला आपल्याकडे अधिकृत संस्था हवी, ही मागणी तेव्हा पूर्ण झाली. नव्वद वर्षांनंतरही त्या संस्थेच्या शब्दावर काम भागत नाही, याचे वाईट वाटणारच. अमेरिकेतील त्याच ईसीएफएमजीने मागितलेली आंतरराष्ट्रीय मान्यता, २०२० मध्ये त्या कौन्सिलच्या जागी आलेल्या आपल्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाला २०२३ मध्ये दहा वर्षांसाठी मिळाली, ती देशातील महाविद्यालयांच्या मूल्यमापनापुरती. एकेका मुलीच्या पदवीचा प्रश्न तिथे सुटत नाही.

माझी मागणी आता एवढीच उरली आहे, की महाविद्यालयाने किती दिवसांत उत्तर द्यायचे याला मुदत असावी आणि ती ओलांडली तर त्याचा जाब महाविद्यालयाला विचारला जावा. उमेदवाराच्या प्रत्येक कागदाला मुदत आहे, उत्तर देणाऱ्याला नाही, हा कुठला न्याय?

निवृत्त साहेबांचे विशेष आभार. काल पुतणीला महाविद्यालयात प्रत्यक्ष पाठवले आणि स्वाक्षरीचेच विचारायला सांगितले. उत्तर दोन वेळा गेले होते. दोन्ही वेळा नव्या अधिष्ठात्यांची सही होती आणि नमुना जुन्यांचाच होता. नवा नमुना आज पाठवला आहे. गुड स्टँडिंगसाठी तिने आता तिसऱ्यांदा अर्ज करायचा ठरवले आहे.

निवृत्त, विद्यार्थी विभाग

तो अर्ज लगेच करू नका. पडताळणी पूर्ण झाल्याचे एपिकच्या खात्यात दिसू द्या, मग करा, नाहीतर तीन महिने पुन्हा वायाच जायचे. आणि तिला सांगा, की महाविद्यालयाच्या आवक-जावक नोंदवहीतला जावक क्रमांक लिहून घे. पुढच्या खेपेला कोणी 'पाठवले आहे' म्हटले, तर कोणत्या तारखेला हे तिला विचारता येईल.